आधी तपासा, मग खर्च करा



आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा आम्ही त्यावर मोफत मिळणारे लिनक्स बसवले. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, वयस्कर मंडळींसाठी अक्षरे मोठी केली.

मध्यंतरी वस्तीतल्या एका मुलीने २० मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहावर वेबपान तयार केले. कॉलेजात दिसणारे चित्र इथे दिसेना. इथे लिहिलेल्या मराठीच्या जागी वेड्यावाकड्या खुणा उमटल्या. दुकानदार म्हणाला, "नवे मशीन घ्या." वडिलांचे हातावरचे पोट! पोर रडवेली झाली.

आम्ही तिच्यासोबत बसलो. ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबली. कन्सोलमध्ये लाल ओळ दिसली : चित्राची फाइल सापडत नाही. फाइलच्या नावात 'एम' मोठ्या लिपीतला, पानात मात्र लहान. विंडोज हा फरक मानत नाही, लिनक्स मानते. मजकुराचे कारणही साधेच. नमुन्याला घेतलेल्या जुन्या पानात 'मेटा चारसेट' निराळा होता. तिथे यूटीएफ-८ लिहिले, पान पुन्हा उघडले. खर्च शून्य!

कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. संगणकालाही तीच रीत लावा. मूळ फाइलची प्रत ठेवा, एका वेळी एकच बदल करा. आणि बंधूंनो, चूक झाली म्हणून लेकीच्या हातचा माऊस काढून घेऊ नका.