वेळापत्रक कोणाचे?

महाविद्यालयातील तासांचे वेळापत्रक हा या पानाचा विषय होऊ शकतो काय, असे काही वाचक विचारतील. नाशिकचा गंगापूर रोड पाहिला की ही शंका फिटावी. १९१४ साली बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. पुढे गोवर्धनजवळ १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि त्याही पलीकडे टोमॅटोच्या बाजाराचे गिरणारे. शहरात शिकायला येणारी मुले दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतूनही येतात. त्यांचा दिवस कोणी आणि कसा कापायचा, हा प्रश्न निव्वळ कचेरीचा नव्हे.

आजवर हे काम कागदावर होत असे. मोठ्या तक्त्यावर चौकटी आखायच्या, पेन्सिलीने नावे भरायची, खोडायची, पुन्हा भरायची. दोन विभागांचा तंटा झाला की प्राचार्यांच्या खोलीत तो मिटवायचा. अखेर तक्ता सूचनाफलकावर लागे. त्या कागदाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्येष्ठांनी सोयीचे तास आधी उचलावेत आणि उरलेसुरले नवख्यांच्या माथी मारावेत, ही रीत कागदाच्या राज्यातलीच. परंतु अन्याय कोणी केला हे निदान सर्वांना ठाऊक असे. त्याला जाब विचारता येई.

आता ही प्रक्रिया संगणकाकडे चालली आहे आणि तिला सबळ कारणही आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषय, गौण विषय, अन्य विद्याशाखेतला विषय, कौशल्याचा विषय अशी निवड विद्यार्थ्याने करावयाची. एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. अशा शेकडो निवडी एकमेकींना न आपटता बसवणे हे पेन्सिलीच्या आवाक्याबाहेरचे आहे. वेळापत्रकाचे कोडे गणितदृष्ट्या किती दुर्घट आहे, हे संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ सालीच सिद्ध करून ठेवले आहे. तेव्हा यंत्र नकोच असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. आपल्याच चळवळीतील काही मित्र संगणक म्हटला की पाठ फिरवतात; त्यांनी ही सवय सोडलेली बरी. कारण पाठ फिरवणाऱ्याच्या मागे निर्णय होतात.

यंत्र सांगितलेले तेवढेच ऐकते. एक अध्यापक एकाच वेळी दोन वर्गांत नसावा, खोलीत मावतील तेवढीच मुले असावीत, सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास मिळावेत, हे त्याला कोणीतरी सांगतो. पेठच्या मुलीची परतीची एस.टी. किती वाजता सुटते, हे त्याला कोण सांगणार? जुलै २०२१ मध्ये नाशिकची शहर बससेवा एस.टी.कडून महापालिकेच्या सिटीलिंककडे गेली. त्याच वर्षाअखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. खेड्यातील मुलांचे तास बसच्या चाकांना बांधलेले असतात, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. सकाळी एक तास आणि दुपारी दोन, असे वेळापत्रक यंत्राच्या लेखी निर्दोष ठरते. ज्याच्यापाशी मोटारसायकल आहे, तो मधला वेळ उपाहारगृहात घालवील. जो टोमॅटोच्या हंगामात अर्धा दिवस मजुरी करून शिकतो, त्याचा रोज बुडतो. मग त्याची हजेरी कमी भरते आणि तीच प्रणाली त्याला अपात्र ठरवते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची कथा याहून कठोर आहे. कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि नेट-सेट उत्तीर्ण तरुणांना तासागणिक मोबदल्यावर राबवायचे, हा राज्याचा नित्याचा परिपाठ झाला आहे. पोटासाठी हा अध्यापक दोन-दोन महाविद्यालयांत धावतो. संगणकाच्या पडद्यावर तो माणूस नसतो, रिकाम्या चौकटीत भरावयाचा चुरा असतो. पहिल्या आणि शेवटच्या तासामधल्या चार तासांचे त्याला काही मिळत नाही आणि दुसरीकडचे काम मात्र सुटते. वर कार्यभाराची बेरीज आता एका कळीवर निघते. ही बेरीज नवी पदे मागण्यासाठी वापरली जाणार की आहेत ती पदे कापण्यासाठी? शासनाचा पूर्वेतिहास पाहता उत्तराविषयी आम्हांला फारसा संशय नाही.

घाईचे फळ काय असते, हे मुंबईने दाखवले आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आणला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण हुकलेले वर्ष कोणाला परत मिळाले? याउलट १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाला वाटाघाटींस बसवून, संगणक कोठे व किती आणायचे, याचा लेखी करार करून घेतला होता. त्या करारावर टीका पुष्कळ झाली. पण यंत्र येण्याच्या अटी कामगारांनी ठरवायच्या, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. प्राध्यापकांच्या संघटना वेतन आयोगासाठी जेवढ्या हिरिरीने लढल्या, तेवढी आच त्यांनी या प्रश्नी दाखवलेली नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आणि विद्यार्थी संघटनांनी तरी काय केले? मोबाइलवर रात्री दहा वाजता सकाळचा तास बदलल्याचा निरोप येतो आणि तो निमूटपणे पाळला जातो. ज्या मुलाच्या पाड्यावर मोबाइल लागत नाही, तो सकाळी येऊन कुलूपबंद वर्ग पाहतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मिरवणारे विद्यापीठ याच रस्त्यावर आहे. ज्यांना ठरावीक घड्याळ परवडत नाही, त्यांच्यासाठीच ते काढावे लागले, याचा विसर इतरांना पडू नये.

पुढील सत्रापूर्वी नाशिकच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक महाविद्यालयात जाऊन चार गोष्टी लेखी मागाव्यात. प्रणालीला घातलेले नियम मराठीत जाहीर करावेत. वेळापत्रक समितीत विद्यार्थी, कचेरीतील कारकून आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांना मतासह स्थान द्यावे. तालुक्यांच्या बसच्या वेळा आधी नोंदवाव्यात, मग तास बसवावेत. आणि एक दिवस आधी सूचनाफलकावर छापील कागद लागल्याशिवाय कोणताही बदल लागू होऊ नये. बसच्या वेळांची यादी करण्याचे काम मात्र प्राचार्यांवर सोडू नये. ती आपल्याच साथींनी बसस्थानकावर उभे राहून, मुलांना विचारून करावी.