पायडल कुणाचे, पावती कुणाची?



ह्या पानावर आम्ही नेहमी बेणे, पाणी, खत आणि तोडणीच्या तारखा ह्यांबद्दल लिहितो. ह्या वेळी सायकलीबद्दल लिहीत आहोत. त्याला कारण आहे. हल्ली कुठल्याशा चांगल्या कामाला मदत म्हणून लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या आपल्याकडेही निघू लागल्या आहेत. फेरीला माणसे जमावीत, वर्गणी गोळा व्हावी म्हणून एखाद्या नटाला, खेळाडूला नाहीतर पुढाऱ्याला पुढे घालतात. पेपरात फोटो त्याचा येतो. आणि जे वर्षानुवर्षे सायकल मारतात ते मागे उभे राहून म्हणतात, "आम्ही रोज मारतो तर कुणी विचारत नाही, आणि हा एक दिवस बसला तर केवढा गाजावाजा!" ह्या कुरकुरीत खरे किती आणि नुसता रुसवा किती, हे एकदा निवडून पाहावे असे आम्हांस वाटते.

हा वाद विलायतेत जुना आहे. म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. तिथल्या माणसाशी आपले काही देणेघेणे नाही, त्यामुळे डोके थंड ठेवून विचार करता येतो.

ब्रिटनच्या उत्तर टोकाला स्कॉटलंडमध्ये जॉन ओ'ग्रोट्स नावाचे गाव आहे आणि नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये लँड्स एंड. नेहमीच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ८७४ मैल, म्हणजे १,४०० किलोमीटर भरते. गर्दीचे रस्ते टाळून आडवाटेने गेले तर हजार मैलांच्या घरात जाते. तिथल्या सायकलवाल्यांत ह्या वाटेला मोठा मान आहे. साधा नोकरदार माणूस दहा-पंधरा दिवसांची रजा काढतो, सामान सायकलला बांधतो आणि एकदा तरी ती वाट पुरी करतो. ना बँड, ना हार.

मार्च २०१० मध्ये हीच वाट सात नामवंतांनी धरली. डेव्हिड वॉलियम्स, जिमी कार, मिरांडा हार्ट, रसेल हॉवर्ड आणि पॅट्रिक किल्टी हे विनोदी कलावंत, आणि टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करणाऱ्या फर्न कॉटन व दविना मकॉल. काम होते स्पोर्ट रिलीफ ह्या मदतनिधीचे. इथिओपियाच्या दुष्काळानंतर १९८५ साली कॉमिक रिलीफ ही संस्था निघाली, तिचाच हा उपक्रम. २००२ पासून बीबीसीच्या साथीने चालू झाला. ह्या सात जणांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस सायकल चालती ठेवली आणि चार दिवसांच्या आत उत्तरेचे टोक ते नैर्ऋत्येचे टोक गाठले. दहा लाख पौंड जमवायचे ठरले होते, तेवढे जमलेही.

आता नेहमीच्या सायकलवाल्यांचे म्हणणे काय, ते पाहू. त्यांचा पहिला आक्षेप असा की, ही काही एकेकट्याने पुरी केलेली वाट नव्हे. एक चालवतो, बाकीचे गाडीत विश्रांती घेतात. हजार मैल म्हणजे १,६०० किलोमीटर. त्याला सात जणांनी भागले तर एकेकाच्या वाट्याला सव्वादोनशे, अडीचशे किलोमीटर येतात. जोडीने चालवले तर वाटा वाढतो, हे धरूनही एकट्याने चौदाशे किलोमीटर मारणाऱ्याच्या तो निम्म्यावरही येत नाही. दुसरा आक्षेप असा की, मागे-पुढे गाड्या, खायला-प्यायला तयार, दुरुस्तीला माणूस. तिसरा असा की, हे लोक सायकलवाले नव्हेतच. काम संपले की सायकल कोपऱ्यात.

पहिला आक्षेप आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. पाळीने केलेले काम पाळीने केले असेच म्हटले पाहिजे. आपला कारखाना हंगामात चोवीस तास चालतो तो तीन पाळ्यांत. म्हणून एकच माणूस चोवीस तास मिलवर उभा होता असे कुणी म्हणत नाही. पण तीन पाळ्यांत चालतो म्हणून गाळप खोटे ठरते का? तेही नाही.

दुसऱ्या आक्षेपात मात्र फारसा दम नाही. ह्या वाटेचे जे विक्रम आहेत, त्यांतही मागे मदतीची गाडी असतेच. १८८६ साली जी. पी. मिल्स ह्या १९ वर्षांच्या पोराने पुढचे चाक मोठे आणि मागचे छोटे अशा जुन्या उंच सायकलीवर हे अंतर ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत पुरे केले. १९५४ साली आयलीन शेरिडन ह्या जेमतेम पाच फूट उंचीच्या बाईंनी २ दिवस ११ तास ७ मिनिटांत केले. २००१ साली गेथिन बटलर ४४ तास ४ मिनिटांवर आला आणि २०१८ साली मायकेल ब्रॉडविथने ४३ तास २५ मिनिटांत वाट संपवली. त्या फेरीत मानेचे स्नायू असे थकले की डोके वर धरवेना. त्याने हाताने टेकू देऊन सायकल मारली. एवढ्या जिद्दीच्या माणसालाही गाडी, खाणे-पिणे, वेळ नोंदणारे लोक लागलेच. तेव्हा मदत घेतली म्हणून कष्ट गेले, असे होत नाही.

नामवंतांच्या बाजूची एक गोष्टही नोंदली पाहिजे. त्या बेटावर वारे बहुधा नैर्ऋत्येकडून वाहते. म्हणून पुष्कळ सायकलवाले लँड्स एंडहून निघून उत्तरेकडे जातात. वारे पाठीशी राहते. ही मंडळी उलट दिशेने, आणि तीसुद्धा मार्चच्या थंडीत, स्कॉटलंडच्या बर्फातून निघाली. समोरून वारे असताना दहा किलोमीटर सायकल मारणे म्हणजे काय, हे ज्यांनी एके काळी शेतातून गट ऑफिसला आणि गट ऑफिसातून कारखान्यावर सायकलने खेपा घातल्या, त्या आपल्या जुन्या सभासदांना आम्ही सांगायला नको.

मग तंटा मिटवायचा कसा? त्याचीही वाट तिथल्या सायकलवाल्यांनीच फार पूर्वी घालून ठेवली आहे. अशा रस्त्यावरील विक्रमांची नोंद ठेवणारी त्यांची संघटना १८८८ साली निघाली. ती एकट्याच्या सायकलीची नोंद वेगळी ठेवते, दोघांनी मिळून चालवायच्या जोडसायकलीची वेगळी, तीनचाकीची वेगळी. स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी. तिथे कुणी कुणाला खोटे म्हणत नाही आणि कुणाचे श्रेय कुणी पळवत नाही. रकाना ज्याचा त्याचा.

आपणही हेच करतो, नाही का? आडसाली ऊस शेतात सोळा ते अठरा महिने उभा असतो, सुरू ऊस बारा महिन्यांचा. आडसालीचे टनेज दाखवून सुरूवाल्याला हिणवले तर शहाणा शेतकरी हसेल. म्हणूनच पीक स्पर्धेत आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा ह्यांचे बक्षीस वेगवेगळे ठेवतात. खोडव्यात नंबर काढणारा आडसालीवाल्यापेक्षा कमी ठरत नाही. पण खोडव्याचे आकडे आडसालीच्या रकान्यात घुसडले तर मात्र भांडण होणार, आणि व्हायलाच पाहिजे.

आपल्याच माणसांचे उदाहरण पाहा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची एक सायकल शर्यत होते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या दोघा भावांनी ती पाळीपाळीने चालवून नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. आदिवासी बांधवांच्या नेत्रसेवेसाठी निधी जमावा हाही त्यांचा हेतू होता. पुढे २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. आता सांगा, एकट्याने केली म्हणून दोघा भावांचे काम हलके झाले काय? आणि भावांनी आधी केली म्हणून एकट्याने करणाऱ्यांचा पहिला मान गेला काय? दोघांचा रकाना वेगळा, मुदत वेगळी, मान दोघांनाही पुरेपूर.

तेव्हा आमचे मत असे. नेहमीच्या सायकलवाल्याने "हे खोटे" म्हणू नये. आणि नामवंताच्या मागे-पुढे करणाऱ्यांनी "असे पूर्वी कुणी केलेच नाही" म्हणू नये. भांडण लागते ते ह्या दुसऱ्या वाक्यामुळे. वीस वर्षे पाच फुटी सरी पाडून, पाचट न जाळता खोडवा राखणारा शेतकरी आपल्या गावात असतो. शेजारी एखादा नावाजलेला डॉक्टर नाहीतर वकील पहिल्यांदा तशी लागण करतो, प्लॉट पाहायला लोक येतात, हारतुरे होतात. लोक आले ह्याचा आम्हांला आनंदच आहे. आमच्या सांगण्याने जे दहा जण येत नाहीत ते त्याच्या नावाने शंभर येतात. पण सभेत त्या वीस वर्षेवाल्याला पहिल्या रांगेत बसवले आणि "वाट ह्यांनी पाडली" असे दोन शब्द बोलले, तर कुणाचे काय जाते? न बोललेले हे दोन शब्द मनात वर्षानुवर्षे सलत राहतात, हे आम्ही शिवारात हिंडताना रोज पाहतो.

राहिला तिसरा आक्षेप, की नामवंत हा सायकलवाला नव्हेच. नसेना का! तो वर्गणी गोळा करायला आला आहे. त्याच्या कष्टाचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडला तर तो उणाच पडणार. त्याचा हिशेब पैशात मांडावा, आणि तो कडक मांडावा. किती जमले, फेरीवर किती खर्च झाला, तो खर्च कुणी सोसला, आणि गरजूच्या हातात किती पडले? प्रवासाचा, टी-शर्टांचा आणि जेवणावळीचा खर्च वर्गणीतून भागवला तर ती मदत नव्हे, ती लोकांच्या पैशाने काढलेली सहल. हा नियम नामवंताला लागू आहे तसाच तुम्हा-आम्हांलाही. ह्या बाबतीत सायकलवाल्यांनी जरूर बोट दाखवावे.

आणखी एक मागणी नेहमीच्या सायकलवाल्याने करावी, आणि ती आमच्या मते सर्वांत रास्त आहे. नामवंत रात्री सायकल मारतो तेव्हा त्याच्या पुढे-मागे दिव्याच्या गाड्या असतात. तो घरी गेला की त्या गाड्याही जातात. रस्ता मात्र तसाच राहतो आणि त्यावर रोजचा सायकलवाला एकटा असतो. ज्याच्या आवाजाला वजन आहे, त्याने ते ह्या रस्त्यासाठी वापरावे. फेरीच्या शेवटी हार घालून घेताना "ह्या खड्ड्यांचे काय, ह्या अंधाराचे काय" एवढे जरी त्याने विचारले, तरी नेहमीचा सायकलवाला फोटोचा राग विसरेल.

आणि हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारू. हंगामात संध्याकाळनंतर आपल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या जातात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला. मागून कॉलेजचा पोरगा, कामावरून सुटलेला मजूर सायकलने येत असतो. त्याला समोर काय उभे आहे हे धडकेपर्यंत कळत नाही. त्याच्यासाठी कुणी फेरी काढत नाही. वाहतूकदार, मुकादम आणि सभासद ह्या तिघांनी मिळून गाडी फडातून निघताना मागचा रिफ्लेक्टर पुसला, बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड न ठेवता कंदील किंवा बॅटरी ठेवली, आणि ट्रॉली निघाल्यावर रस्त्यातले दगड उचलले, तर सायकलवाल्याची ती मोठी सेवा होईल.

उद्या आपल्या कार्यक्षेत्रातील तरुण मंडळींनी अशी फेरी काढायची ठरवली, तर आमच्या चार सूचना आहेत. कोण किती किलोमीटर चालवणार, एकट्याने की पाळीने, हे निघण्यापूर्वीच जाहीर करा. पाहुणा जरूर बोलवा, पण गावातल्या जुन्या सायकलवाल्याला त्याच्या शेजारी उभे करा. खर्च आपापल्या खिशातून करा आणि वर्गणीची पै न् पै ज्याच्यासाठी मागितली त्यालाच द्या. आणि फेरी संपल्यापासून आठ दिवसांत जमाखर्च गट ऑफिसच्या फलकावर लावा, म्हणजे येणारा-जाणारा वाचील.

उसाच्या वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपण काट्यावरून हलत नाही. कष्टाची आणि दानाचीही पावती तशीच असावी. दोन्ही वेगवेगळ्या असाव्यात, आणि ज्याच्या त्याच्या नावावर फाडलेल्या असाव्यात.

— ऊस विकास अधिकारी