सुक्या दिवसांतील शेजारधर्म

मनुष्य मूळचा स्वार्थी की परोपकारी, हा वाद फार जुना आहे. संकट कोसळले की माणसे परस्परांच्या मदतीस धावतात आणि मनुष्यजातीविषयी आपला ऊर अभिमानाने भरून येतो. संकट ओसरले की तीच माणसे वीतभर बांधासाठी सख्ख्या भावावर फिर्याद करतात आणि तो अभिमान गळून पडतो. ह्या दोहोंपैकी खरा मनुष्य कोणता? उत्तर शोधण्यासाठी आज वाचकांना हैदराबाद शहरी, मुसी नदीच्या काठी न्यावयाचे आहे.

अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावून ही नदी हैदराबादच्या मधून वाहते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, अतिवृष्टीनंतर, तिने आपले पात्र सोडले. पूल कोसळले, पेठा बुडाल्या, हजारो घरे जमीनदोस्त झाली. सुमारे १५,००० माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. पुढे रुबायांसाठी कीर्ती पावलेले उर्दू कवी अमजद हैदराबादी ह्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्याच पुरात वाहून गेल्या; ते स्वतः तेवढे वाचले.

आज जेथे उस्मानिया इस्पितळ आहे, त्याच्या आवारात चिंचेचा एक पुरातन वृक्ष आहे. त्या दिवशी सुमारे १५० माणसे त्याच्या फांद्यांवर चढली आणि वाचली. वाचकहो, विचार करा. आधी चढलेल्याने मागून येणाऱ्यास सरकून जागा दिल्याखेरीज दीडशे माणसे एका झाडावर मावत नाहीत. पूर ओसरल्यावरही हा दयाभाव ओसरला नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी निराश्रितांसाठी आपले महाल खुले केले. अन्नछत्रे उघडली गेली. सरोजिनी नायडू ह्यांनी मदतकार्यास वाहून घेतले.

परंतु ह्या कथेचा दुसरा भाग कमी लोक सांगतात आणि आजच्या प्रश्नाचे उत्तर त्या भागात आहे. निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांना बोलाविले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेले हे अभियंते आपल्या महाराष्ट्राला परके नव्हते. नदीच्या वरच्या खोऱ्याची पाहणी करता त्यांना आढळले की, तेथे जवळजवळ ८०० लहानमोठी तळी असून त्यांतील दोनशेहून अधिक त्या पावसात फुटली होती. त्यांनी शहराच्या वरच्या अंगास दोन मोठे जलाशय बांधण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे मुसी नदीवर उस्मानसागर १९२० साली पुरा झाला आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली. ज्यांच्यासाठी ही कामे झाली, त्यांतील असंख्य जण तेव्हा जन्मासही आले नव्हते. फांदीवरून दिलेला हात दीडशे लोकांना तारून गेला. ह्या विचारपूर्वक केलेल्या कामाने पुढच्या पिढ्यांवर पाखर घातली.

आता १९०८ वरून एकदम २०२० सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या १३ व १४ तारखांना हैदराबादेत चोवीस तासांत सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस झाला आणि अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. माणसे दगावली, संसार चिखलात गेले. ह्यांतील कित्येक वस्त्या पूर्वी तळ्यांच्या पोटात किंवा ओढ्यांच्या वाटेत होत्या. दख्खनच्या पठारावरील जुनी तळी माळेतल्या मण्यांसारखी एकीखाली एक बांधलेली असत. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाई. ह्या माळेतील एक मणी मातीने भरला, एक ओढा अडविला, की पाणी वाट शोधीत कोणाच्या तरी माजघरात शिरते.

हे पातक कोणी केले? शोधू जावे तर एकही मोठा राक्षस सापडत नाही. कोणी तळ्याच्या काठचे चार गुंठे भराव टाकून वाढविले. कोणी त्यांचे तुकडे पाडून विकले. कोणी स्वस्त मिळते म्हणून फारशी विचारपूस न करता घेतले. कोणी कागदावर शिक्का मारला. शेजाऱ्याने ते पाहिले आणि ‘आपल्याला काय त्याचे?’ म्हणून दार लावून घेतले. प्रत्येकाने आपापले तेवढे पाहिले. २०२४ च्या जुलैत अशी अतिक्रमणे हटविण्यासाठी ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा उभी करण्यात आली. पण घर पाडले जाते तेव्हा ते शेवटी विकत घेणाऱ्याचे असते. नफा घेऊन गेलेला पहिला मनुष्य त्या वेळी तेथे नसतो.

आणि तरीही, २०२० च्या त्या पुरात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना खांद्यावरून बाहेर काढले, परक्यांना घरात घेतले, शिजविलेले अन्न वाटले. वाटेवर जखमी पडलेल्या प्रवाशाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत लुटणारे वेगळे होते आणि उचलून नेणारा वेगळा होता. आपल्या समाजात मात्र पुष्कळदा ती दोन्ही कामे एकच मनुष्य करतो. उन्हाळ्यात तो नाला बुजवितो आणि पावसाळ्यात त्याच नाल्याच्या पुरातून शेजाऱ्याचे मूल वाचवितो. म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोन्ही माणसे खरी आहेत. संकटात दुसऱ्याचा चेहरा समोर दिसतो, म्हणून दया जागी होते. सुक्या दिवसांत तो चेहरा दिसत नाही, म्हणून स्वार्थाला रान मोकळे सापडते.

ह्या बाबतीत केवळ उपदेश करून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. उस्मानसागर आणि हिमायतसागर ह्यांच्या रक्षणासाठी १९९६ साली सरकारने एक हुकूम काढून जलाशयांपासून दहा किलोमीटरपर्यंतच्या बांधकामांवर कडक बंधने घातली. ८४ गावे त्यात आली. तेथील शेतकरी म्हणू लागले, “शहर सुरक्षित राहावे म्हणून आमच्याच जमिनीला भाव येऊ नये काय?” २०२२ साली ती बंधने सैल करण्यात आली. जलाशयांचे पुढे काय होणार, ही काळजी रास्त आहे. पण शेतकऱ्याचा प्रश्नही खोटा नाही. सर्वांच्या हिताचे ओझे एकाच्याच पाठीवर टाकणे, हाही एक स्वार्थच होय. तो पांढरपेशा असल्यामुळे सहज ओळखू येत नाही, इतकेच. ज्याच्या मोकळ्या जमिनीमुळे शहर वाचते, त्याला शहराने आपल्या कमाईतून वाटा दिला पाहिजे.

हे सारे दूरच्या शहराचे, असे म्हणून पान उलटू नका. वसईकडील वाड्यांतून आपल्या पूर्वजांनी खणलेली बावखले होती. पावसाचे पाणी त्यांत मुरे, विहिरींना गोडे पाणी राही, केळी-पानवेली जगत. त्यांतील कित्येक भराव टाकून बुजविली गेली. २०१८ च्या जुलैत वसई-विरारचा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, ते आपल्याला आठवत असेलच. तेव्हाही आपण एकमेकांना जेवण पोहोचविले. ते चांगलेच केले. परंतु बावखल बुजविताना जर आपण एकमेकांना विचारले असते, तर पुष्कळांच्या चुली विझल्याच नसत्या.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने एक साधा नेम करावा. भिंत बांधण्यापूर्वी, भराव टाकण्यापूर्वी, जमीन विकण्यापूर्वी एकच प्रश्न घरात मोठ्याने विचारावा: “येथले पाणी उद्या कोणाच्या दारात जाईल?” मुलांसमोर विचारावा, म्हणजे त्यांनाही सवय लागेल. वैशाखात शेजाऱ्यासह नाल्याच्या काठाने एक फेरी मारावी आणि गाळ दोघांनी मिळून उपसावा. ह्यात शौर्य नाही, कोणी पदक देणार नाही, वर्तमानपत्रात नाव येणार नाही. पण पुरात बुडणाऱ्याला हात देणे जेवढे पुण्याचे आहे, तेवढेच पुण्याचे त्याच्या अंगणापर्यंत पूर येऊ न देणे आहे. आणि ते काम पाऊस येण्यापूर्वीच करावे लागते.