आधी दोर, मग आडनाव

आम्ही परभणीकर. पाणी म्हणजे आम्हाला गंगाखेडची गोदावरी, नाहीतर येलदरीचं धरण. तरीही आज बोटीवरच्या मैत्रीबद्दल लिहावंसं वाटतंय.

१० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहाजणी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. वर्तिका जोशी प्रमुख. बाकीच्या कुणी हिमाचलच्या, कुणी आंध्र-तेलंगणच्या, कुणी मणिपूरच्या. बोट जेमतेम ५५ फुटांची. रुसून जायला तिथे माहेर नाही! पुढे २०२४-२५ मध्ये केरळची दिलना आणि पुदुच्चेरीची रूपा या दोघींनीच त्याच बोटीतून प्रदक्षिणा केली. एक झोपायची ती दुसरी जागी आहे या भरवशावर. अशा पहाऱ्यातून झालेली मैत्री किती पक्की असेल!

बोटीलाच घर करून राहणारी कुटुंबंही जगात पुष्कळ आहेत. त्यांच्यात एक छान रीत आहे. नवी बोट धक्क्याला लागताना दिसली, की शेजारच्या बोटीतलं कुणीतरी हातातलं काम टाकून बाहेर येतं, फेकलेला दोर झेलतं आणि बांधून देतं. नाव-गाव त्यानंतर. उद्या वारा फिरला तर आपलाही दोर कुणीतरी झेलायला हवा, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आणि आपण? मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं. टेम्पोतून सामान उतरत होतं, आम्ही चौघीजणी फाटकाशी उभ्या. पहिला प्रश्न, ‘आडनाव काय तुमचं?’ आडनावावरून जात ठरली आणि सगळ्या आपापल्या घरात. साधं पाणी कुणी विचारलं नाही. बचत गटाच्या बैठकीत ‘भगिनींनो’ म्हणणारी मीसुद्धा त्यातच होते.

आठ-दहा दिवसांनी मध्यरात्री तिच्या लेकराला ताप भरला. नवरा ड्यूटीवर. लेकराला खांद्यावर टाकून ती आमच्या दारावरून चौकापर्यंत एकटी गेली, रिक्षा शोधत. सकाळी मी विचारलं, ‘अगं, आवाज का नाही दिलास?’ ती म्हणाली, ‘ताई, तुमचं नाव कुठं माहीत होतं मला?’

लेकरू बरं झालं, पण ते वाक्य अजून टोचतं. तिचं आडनाव आम्ही विचारलं होतं, आपलं नाव एकीनंही सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, लग्न होऊन आलो तेव्हा आपणही अनोळखी धक्क्यालाच लागलो होतो ना? कुणीतरी दोर झेलला, म्हणून रुळलो. तेव्हा गल्लीत टेम्पो थांबला, की तांब्याभर पाणी आणि चहा घेऊन जा. नळ कोणत्या दिवशी येतो, दवाखाना कुठं आहे, ते सांगा. आपलं नाव सांगा, फोन नंबर द्या. तिचं आडनाव कळेल सावकाश. नाही कळलं तरी काही बिघडत नाही.