आधी ओळख, मगच खुडणी

पावसाची पहिली झड ओसरली की बोरिवली, मुलुंड, अंधेरीच्या परिसरात अलीकडे एक नवी हौस डोके वर काढते. सुशिक्षित मंडळी पिशव्या घेऊन डोंगरउतारांवर हिंडतात आणि जे हिरवे, कोवळे दिसेल ते रानभाजी म्हणून घरी आणतात. मोबाईलवर आलेले एखादे छायाचित्र एवढाच त्यांचा आधार. ‘निसर्गाने दिलेले अपायकारक कसे असेल?’ हा त्यांचा युक्तिवाद. रानभाजीला आमचा विरोध नाही. या युक्तिवादाला आहे.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातील दुष्काळाचा प्रसंग वाचकांना आठवत असेल. अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांपैकी एकजण रानात जातो, ओटीभर रानफळे आणतो आणि चिरून हंड्यात टाकतो. ती कसली, हे कोणालाच ठाऊक नसते. जेवणारे तोंडात घास घेताच ओरडतात. तेथे संदेष्टा हजर होता म्हणून निभावले. आपल्या स्वयंपाकघरात तो नसतो.

टाकळा सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. त्याचाच भाऊबंद कासविंदा. त्याच्या जोड्या बहुधा चार-पाच, टोके अणकुचीदार आणि वास उग्र. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांचे बळी घेणाऱ्या एका गूढ आजाराचा संबंध याच कासविंद्याच्या बियांशी असल्याचे संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. कळलावीचे फूल पाहून कोणीही मोहावे. पण तिच्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते, आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शेवळे तर ओळखूनही भागत नाही. ती काकडाच्या आंबट फळांबरोबर नीट शिजवली नाहीत, तर घसा खाजून हैराण व्हावे लागते.

‘पाखरे खातात ते माणसाला चालते,’ असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. काजऱ्याची फळे धनेश पक्षी आवडीने खातो. त्याच फळांच्या बियांत स्ट्रिक्नीन असते. ‘पुस्तकात चित्र पाहिले आहे,’ असे दुसरे म्हणतात. पुस्तकातील चित्र बहुधा फुलाचे असते. भाजी मात्र फूल येण्याआधी, कोवळेपणी खुडायची असते. खरी मेख इथेच आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात नमुना ठेवायचा तर शक्यतो फुला-फळांसह ठेवतात, कारण केवळ पानावरून जाणकारही फसतो. त्याच महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर सांतापाव यांनी फर्नांडिस यांच्यासह सफेद मुसळीच्या एका जातीला आपल्या बोरिवलीचे नाव दिले. एका रोपाला नाव देण्यासाठी विद्वान इतके कष्ट घेतात, आणि आम्ही दोन पाने पाहून फोडणी टाकतो!

मग कोवळ्या रोपाची ओळख कोणाला असते? ज्याने तीच जागा वर्षभर पाहिली आहे, त्याला. राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या पाड्यांवरील वारली, मल्हार कोळी भगिनींना ती आहे. कोणता कोंब कधी खुडावा, कोणता किती उकळावा, कोणत्याला हातही लावू नये, हे त्यांना आई-आजीकडून मिळालेले आहे. त्यांना आपण अडाणी म्हणतो, स्टेशनबाहेर त्यांच्या टोपलीपाशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि अनोळखी माणसाने पाठवलेल्या संदेशावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. आमच्या मते हा अन्याय आहे आणि मूर्खपणाही.

शिवाय रोप ओळखले तरी जागा ओळखावी लागते. रेल्वेरुळांच्या कडेचा किंवा नाल्याकाठचा टाकळा हा टाकळाच असला तरी तो सांडपाण्यावर पोसलेला असतो. राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून काहीही तोडणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

म्हणून आमचे धर्मग्रामातील कुटुंबांना कळकळीचे सांगणे आहे. रानभाजी जरूर खा, पण जाणत्या बाईकडून, ती सांगेल त्या किमतीला विकत घ्या. नाव विचारा, रीत विचारा, मुलांना शेजारी उभे करून ऐकवा. पुढील पावसाळ्यापूर्वी महिला मंडळांनी अशा एखाद्या भगिनीला मानधन देऊन सभागृहात शिकवायला बोलवावे. तिला खुर्ची द्यावी आणि आपण समोर बसावे. तिने ओळखलेली नाही, अशी पालेभाजी कोणाच्याही चुलीवर चढू नये.