विश्लेषण : गुडघ्याची झिजलेली ‘गादी’ हायड्रोजेलने भरून निघेल?

‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेकदा झिजलेली असते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे कार्टिलेज. तिच्याहून मजबूत हायड्रोजेल अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तयार केले आहे. पण खरी कसोटी पुढेच आहे.

कूर्चा भरून का येत नाही?

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे झालेली इजा सहसा भरून येत नाही. तिच्या वजनात ६० ते ८० टक्के पाणी असते. हे पाणी भार पेलते आणि घर्षण अत्यंत कमी ठेवते. म्हणूनच तिची जागा घेणारा पदार्थही पाणीदार, पण भक्कम हवा.

जेल मजबूत कसे झाले?

साधे हायड्रोजेल जेलीसारखे तुटते. ड्यूकच्या संशोधकांनी जिवाणूंपासून मिळणाऱ्या सेल्युलोजच्या तंतूंच्या जाळीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल भरले. तंतू ताण सोसतात, पॉलिमर दाब पेलतो. २०२२ मधील संशोधनात त्यांनी जेल गोठवण्याऐवजी उष्णता देऊन त्यातील स्फटिकांचे प्रमाण वाढवले. परिणामी ते कूर्चेपेक्षा ताणात २६ टक्के, तर दाबात ६६ टक्के अधिक मजबूत ठरले. दहा लाख वेळा घासूनही त्याची झीज कूर्चेच्या सुमारे एक तृतीयांशच झाली.

मग अडचण कुठे?

दिवसाला साडेपाच हजार पावले धरली, तर एका गुडघ्याची दहा लाख आवर्तने वर्षभरातच पूर्ण होतात. रोपण मात्र अनेक वर्षे टिकायला हवे. शिवाय निसरडे जेल हाडाला चिकटत नाही. त्यासाठी ते टायटॅनियमच्या तळाला घट्ट जोडून हाडात बसवण्याची पद्धत संशोधकांनी शोधली.

आधीचा अनुभव काय सांगतो?

पायाच्या अंगठ्याच्या संधिवातासाठीच्या ‘कार्टिव्हा’ या पॉलिव्हिनाइल अल्कोहोल जेलच्या रोपणाला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्पादक कंपनीनेच ते बाजारातून परत मागवले. रोपण जागचे हलणे, ते काढून टाकावे लागणे, पुन्हा शस्त्रक्रिया करणे हे प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळले होते. मंजुरी मिळाली म्हणजे रोपण शरीरात टिकेलच असे नाही, हाच त्याचा धडा.

रुग्णांसाठी अर्थ काय?

हे तंत्र मुख्यतः कूर्चेला ठरावीक जागी पडलेला खड्डा बुजवण्यासाठी आहे. संपूर्ण सांधा झिजला असेल, तर त्याने सांधेरोपण टळणार नाही. त्यामुळे ‘जेल भरून गुडघा नवा’ अशी जाहिरात दिसली, तर दोन प्रश्न विचारावेत : किती रुग्णांवर चाचणी झाली आणि किती वर्षे टिकले?