दर्जा मिळाला, वाटा मिळाला काय?

गावाला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला की त्याचे सारे प्रश्न सुटतील, अशी आशा महाराष्ट्रात ठिकठिकाणी बाळगली जाते. 2022 मध्ये इचलकरंजीला आणि 2023 मध्ये जालन्याला तो मिळाला. या मागणीत गैर काही नाही. वाढत्या वस्तीला पाणी, गटारे, रुग्णालये यांसाठी समर्थ यंत्रणा लागतेच. परंतु नुसत्या दर्जाने काय पदरात पडते आणि काय पडत नाही, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी मुंबईच्या उपनगरांचा इतिहास पाहावा.

मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत आली. कागदोपत्री ही गावे शहर झाली. शहराचे ओझे मात्र त्यांच्यावर आधीपासूनच होते. विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये पुरा झाला. दोन्ही उपनगरांच्या डोंगरांत; पाणी मात्र बेटावरील मुंबईसाठी. त्याच मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारला पडू लागला. विलीनीकरणानंतरही नळ आपोआप आले नाहीत. 1961 मध्ये गोरेगावच्या मृणाल गोरे महापालिकेवर निवडून गेल्या; त्यांनी हंडे-कळशा घेतलेल्या स्त्रियांना संघटित करून पाण्यासाठी झुंज दिली. दर्जा कायद्याने मिळाला, पाणी लढ्याने.

पुढे जमिनीच्या बाबतीतही हेच घडले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने विकासहक्कांच्या हस्तांतराची सोय केली. बेटावर आरक्षित जमीन सोडून देणाऱ्याला मिळालेले हक्क बेटावर वापरण्यास मनाई होती; ते उपनगरांत वापरावयाचे. म्हणजे उद्यानाची जागा शहराला आणि तिच्या मोबदल्याचे मजले अंधेरी-बोरिवलीला!

आज पुनर्विकासाचा गाजावाजा आहे. गळक्या, मोडकळीस आलेल्या इमारती नव्याने बांधल्या पाहिजेत, यात दुमत नाही. परंतु वाढीव चटईक्षेत्र विकून जी योजना चालते, ती गरजेमागे जात नाही, भावामागे जाते. भाव आहे तेथे मनोरे उठतात. नाही तेथे धोकादायक इमारत तशीच उभी राहते. नव्या घराचा देखभालखर्च न पेलणारा जुना रहिवासी हळूच घर विकून विरार-बदलापूरची वाट धरतो. याला नगराचे नूतनीकरण म्हणावे की नागरिकांची बदली?

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. 1976 च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन नागरी निवारा परिषदेने गोरेगावला सामान्य माणसांसाठी हजारो घरे उभी केली. तो कायदाच महाराष्ट्राने 2007 मध्ये गुंडाळला.

2011 च्या जनगणनेनुसार मुंबईच्या सुमारे 1 कोटी 24 लाख लोकांपैकी 93 लाखांहून अधिक उपनगरांत राहत होते. अंधेरी पश्चिमेच्या एका प्रभागाची वस्ती सात लाखांवर होती. एवढ्या वस्तीच्या प्रभाग समितीला स्वतःचा अर्थसंकल्प का नसावा? वाढीव मजल्यांच्या परवानगीतून येणारा पैसा प्रथम त्याच प्रभागाच्या जलवाहिन्यांवर, गटारांवर व शाळांवर खर्च व्हावा. आणि त्या भागाची पाणी व मलनिस्सारणाची क्षमता जाहीर केल्यावाचून नवा मजला मंजूर होऊ नये. एवढे पदरात पडेल तेव्हाच उपनगरांना शहराचा दर्जा मिळाला असे म्हणता येईल. महानगरपालिका मागणाऱ्या गावांनीही दर्जासोबत हा वाटा आजच मागून ठेवावा.